शिडाच्या होडीच्या डोलकाठीतून वायरी कशा नेतात?

रात्रीचे दोन वाजलेत. ११ मीटर लांबीची एक शिडाची होडी इंजिन बंद करून वाऱ्यावर चालली आहे. समोरून एक मालवाहू जहाज येतंय. होडीचा वेग ५ नॉट, जहाजाचा १५ नॉट. म्हणजे दोघांमधलं अंतर ताशी २० सागरी मैलांनी कमी होतंय. एक सागरी मैल संपायला लागणार फक्त तीन मिनिटं.

जहाजावर पहाऱ्याला उभ्या असलेल्या माणसाला अंधारात होडीचं शीड दिसत नाही. त्याला दिसतो तो डोलकाठीच्या शेंड्यावरचा दिवा. त्या दिव्यापर्यंत वीज नेणारी वायर डोलकाठीच्या पोटातून जाते. ती कुठे घासली गेली असेल, पाण्याने कुजली असेल किंवा गरजेपेक्षा बारीक असेल, तर दिवा मंद होतो किंवा विझतो. आणि दुरुस्तीसाठी पंधरा मीटर उंच काठीवर, तेही हलत्या होडीत, चढायची वेळ येते.

म्हणूनच डोलकाठीतली वायरिंग हे घरातल्या वायरिंगपेक्षा वेगळं काम मानलं जातं. ते कसं करतात आणि कुठे चुकतं, ते समजून घेऊ.

डोलकाठीवर विजेचं असतं तरी काय?

आजच्या बहुतेक शिडाच्या होड्यांची डोलकाठी अ‍ॅल्युमिनियमची आणि आतून पोकळ असते. एका साधारण होडीवर तिच्या आतून पुढच्या गोष्टींच्या वायरी जातात.

तिरंगी दिवा: हा शेंड्यावर असतो. डावीकडे लाल, उजवीकडे हिरवा आणि मागे पांढरा असा एकाच खोक्यात तीन रंगांचा प्रकाश देतो. लाल आणि हिरवा प्रत्येकी ११२.५ अंशांत दिसतो, पांढरा १३५ अंशांत. तिन्ही मिळून ३६० अंश पूर्ण होतात.

नांगराचा दिवा: होडी नांगर टाकून उभी असताना लावायचा पांढरा दिवा. तो चारही बाजूंनी दिसतो. बऱ्याचदा तिरंगी दिव्याच्याच खोक्यात वरच्या बाजूला बसवलेला असतो.

इंजिनाचा दिवा: काठीच्या पुढच्या बाजूला, शेंड्याच्या बराच खाली. होडी इंजिनावर चालते तेव्हा लावायचा, समोरच्या २२५ अंशांत दिसणारा पांढरा दिवा.

डेकचा दिवा: रात्री डेकवर काम करताना खाली उजेड पाडणारा.

व्हीएचएफ रेडिओची अँटेना आणि वारामापक: दोन्ही शेंड्यावर. वारामापक वाऱ्याचा वेग आणि दिशा खालच्या पडद्यावर दाखवतो.

यातले दिवे हौसेचे नाहीत. समुद्रावर टक्कर टाळण्यासाठीचे आंतरराष्ट्रीय नियम १९७२ साली ठरले आणि १९७७ पासून लागू झाले. कोणत्या होडीने कधी कोणता दिवा लावायचा, तो किती अंशांत आणि किती दुरून दिसला पाहिजे, हे सगळं त्यात दिलं आहे. १२ मीटरपेक्षा लहान होडीचे लाल-हिरवे दिवे किमान १ सागरी मैलावरून आणि पांढरे दिवे २ सागरी मैलांवरून दिसले पाहिजेत. तीन दिवे एकत्र करून शेंड्यावर लावायची सवलत २० मीटरपेक्षा लहान शिडाच्या होड्यांना आहे, तीही फक्त शिडावर चालत असताना.

इंजिन सुरू झालं की नियमांच्या दृष्टीने ती होडी यांत्रिक नौका ठरते. मग तिरंगी दिवा बंद करायचा आणि डेकच्या उंचीवरचे लाल-हिरवे दिवे, मागचा पांढरा दिवा व इंजिनाचा दिवा लावायचा. त्यामुळे प्रत्येक दिव्याला वेगळी वायर आणि खाली वेगळं बटण लागतं. बटणांवर नावं नसतील तर अंधारात चुकीचा दिवा लागतो आणि समोरच्या जहाजाला चुकीची माहिती मिळते.

पोकळ आहे, मग अडचण काय?

अडचण अशी की डोलकाठी पोकळ असली तरी रिकामी नसते. शिडं वर चढवायचे दोर बऱ्याच होड्यांमध्ये तिच्या आतूनच जातात. शीड चढवताना हा दोर जोरात सरकतो. शेजारी सुटी वायर असेल तर दोर तिच्यावर घासतो, कधी तिला गुंडाळून घेतो. काही दिवसांत वायरीवरचं आवरण सोलवटून निघतं.

दुसरी अडचण हालचालीची. होडी नांगरावर उभी असली तरी लाटांवर डोलत असते. १५ मीटर उंचीची काठी दोन्ही बाजूंना १०-१० अंश कलली, तरी तिचा शेंडा या टोकापासून त्या टोकापर्यंत ५ मीटरहून जास्त फिरतो. आत सुटी लोंबणारी वायर प्रत्येक डोलण्यासरशी एकदा या भिंतीवर आणि एकदा त्या भिंतीवर आपटते. चार सेकंदांना एक झोका धरला, तर आठ तासांच्या रात्रीत साधारण १४,४०० ठोके होतात. पोकळ अ‍ॅल्युमिनियमची नळी हा आवाज ढोलासारखा केबिनपर्यंत पोचवते. होडीवर झोपलेल्यांना याचाच सगळ्यात जास्त वैताग येतो. पण झोपेपेक्षा मोठं नुकसान वायरीचं होतं, कारण प्रत्येक ठोक्याला आवरण थोडं थोडं झिजत असतं.

तिसरी अडचण मिठाच्या पाण्याची. शेंड्यावरच्या छिद्रांतून पाऊस आणि खारे तुषार आत येतात. तांब्याच्या बारीक तारांच्या फटींतून पाणी वातीत तेल चढावं तसं आत शिरत जातं. बाहेरून वायर धड दिसते, पण आतलं तांबं काळं पडलेलं असतं.

वायर किती जाड घ्यायची?

लहान होड्यांवरची वीज बहुधा १२ व्होल्टची असते. घरातल्या २३० व्होल्टच्या सवयीने इथे वायर निवडली तर फसगत होते. १२ व्होल्टमध्ये एक व्होल्ट जरी वाटेत हरवला तरी तो आठ टक्क्यांहून जास्त असतो.

एक उदाहरण पाहू. काठी १५ मीटर आणि पायथ्यापासून बटणांच्या पॅनलपर्यंत ५ मीटर, म्हणजे एका बाजूने २० मीटर. वीज जाते आणि परत येते, म्हणून हिशोबात ४० मीटर धरायचे. इथेच बरेच जण चुकतात आणि फक्त जाण्याची लांबी मोजतात.

शेंड्यावर जुन्या पद्धतीचा २५ वॅटचा बल्ब असेल तर तो सुमारे २.१ अँपिअर वीज ओढतो. मग वाटेत हरवणारे व्होल्ट साधारण असे येतात:

१.५ चौरस मिलिमीटर वायर: ०.९६ व्होल्ट, म्हणजे ८ टक्के.
२.५ चौरस मिलिमीटर वायर: ०.५७ व्होल्ट, म्हणजे पावणेपाच टक्क्यांच्या आसपास.
४ चौरस मिलिमीटर वायर: ०.३६ व्होल्ट, म्हणजे ३ टक्के.

अमेरिकेत होड्यांच्या वायरिंगसाठी वापरल्या जाणाऱ्या मानकात दिशादर्शक दिव्यांसाठी ही घट ३ टक्क्यांच्या आत ठेवायला सांगितलं आहे. याचं कारण बल्बच्या स्वभावात आहे. तारेच्या बल्बचा व्होल्टेज ८ टक्क्यांनी कमी झाला की प्रकाश ८ नाही, तर जवळपास २५ टक्क्यांनी कमी होतो. दिवा लागलेला दिसतो, पण दुरून दिसायला हवा तेवढा दिसत नाही.

एलईडी दिव्यांनी हे गणित सोपं केलं आहे. ३ वॅटचा एलईडी दिवा फक्त पाव अँपिअर ओढतो. त्याच १.५ चौरस मिलिमीटर वायरीत घट १ टक्क्याच्या आसपास राहते. बारीक वायर म्हणजे काठीच्या वरच्या भागात कमी वजन, आणि शिडाच्या होडीला उंचावरचं वजन जास्त जाणवतं. तरीही १ चौरस मिलिमीटरपेक्षा बारीक वायर घेणं टाळतात, कारण ती ओढताना किंवा हालचालीने तुटू शकते.

वायरीचा प्रकारही महत्त्वाचा. एकाच जाड तारेची वायर थरथरीने तुटते, म्हणून अनेक बारीक तारांची लवचिक वायर वापरतात. त्यातही प्रत्येक तारेवर कथलाचा मुलामा असलेली वायर खाऱ्या हवेत जास्त टिकते. ती महाग असते. पण काठीतली वायर बदलायचा खर्च बघता इथे पैसे वाचवण्यात अर्थ नसतो.

आणखी एक पक्का नियम: काठी धातूची आहे म्हणून परतीची वायर वाचवायची नाही. जुन्या मोटारगाड्यांत बॉडीलाच निगेटिव्ह जोडतात, तसं इथे केलं तर खाऱ्या ओलाव्यात विजेमुळे अ‍ॅल्युमिनियम झपाट्याने खराब होतं. जाण्याची आणि परतीची, दोन्ही वायरी स्वतंत्र हव्यात.

रेडिओची केबल वेगळी का?

व्हीएचएफ रेडिओच्या लहरी साधारण नजरेच्या रेषेत जातात. म्हणून अँटेना जितकी उंच, तितकी ती दूर बोलते. अँटेना पाण्यापासून १६ मीटर उंच असेल आणि समोरच्या होडीची अँटेना ४ मीटरवर असेल, तर सुमारे २५ किलोमीटरपर्यंत संपर्क होऊ शकतो. हातातला वॉकी-टॉकीसारखा रेडिओ पाण्यापासून एक मीटरवर धरला तर तेच अंतर १२ किलोमीटरच्या आसपास येतं. संकटात १६ नंबरच्या चॅनेलवर मदत मागताना हा फरक मोठा ठरतो.

पण उंचीबरोबर केबलची लांबीही वाढते आणि केबल रेडिओची ताकद खाते. होडीवरच्या रेडिओची कमाल ताकद २५ वॅट असते. २० मीटर केबल धरली तर अँटेनापर्यंत साधारण एवढी ताकद पोचते:

आरजी-५८ ही बारीक केबल: सुमारे १० वॅट.
आरजी-८एक्स ही मधली केबल: सुमारे साडेबारा वॅट.
आरजी-२१३ ही जाड केबल: सुमारे १६ वॅट.

जाड केबल चांगली, पण ती जडही असते आणि पटकन वळत नाही. त्यामुळे काठीतली जागा, वजन आणि ताकद यांचा मेळ घालून निवड करतात. अर्ध्याहून जास्त ताकद केबलमध्येच संपणार नाही, एवढं पाहणं हा व्यवहारातला अंदाज आहे.

या केबलमध्ये पाणी शिरलं तर ती बाहेरून चांगली दिसत असूनही निकामी होते. म्हणून शेंड्यावरच्या जोडावर स्वतःलाच चिकटून एकजीव होणारी रबरी टेप ताणून गुंडाळतात. ती खालून वर गुंडाळतात, म्हणजे घराच्या कौलांसारखे थर एकमेकांवर येतात आणि पाणी बाहेरून निथळून जातं.

आत वायर बांधून कशी ठेवतात?

यासाठी तीन पद्धती प्रचलित आहेत.

पहिली, प्लास्टिकची नळी: काठीच्या आतल्या भिंतीला २५ ते ३२ मिलिमीटर व्यासाची नळी पॉप रिव्हेटने बसवतात आणि वायरी तिच्यातून नेतात. दोरांपासून पूर्ण संरक्षण मिळतं, आवाज बंद होतो, पुढे नवी वायर टाकणंही सोपं जातं. काही काठ्यांमध्ये कारखान्यातच यासाठी वेगळी खाच काढलेली असते. नळी अर्ध्याहून कमी भरलेली ठेवतात, नाहीतर वायरी आत अडकतात. रिव्हेटची टोकं आत बोचत नाहीत ना, हेही बघावं लागतं, कारण शेजारून दोर जातात.

दुसरी, केबल टायची युक्ती: वायरींची एक जुडी करतात. दर अर्ध्या मीटरवर एकाच जागी तीन लांब केबल टाय बांधतात आणि त्यांच्या शेपट्या न कापता तीन वेगवेगळ्या दिशांना वळवतात. काठीत शिरल्यावर या शेपट्या स्प्रिंगसारख्या भिंतींना टेकतात आणि जुडी मधोमध राहते. ही पद्धत स्वस्त आहे. पण दोर आतून जात असतील तर ते शेपट्यांवर घासतात आणि काही वर्षांनी प्लास्टिक ठिसूळ होऊन तुटतं.

तिसरी, फोम: वायरींवर ठरावीक अंतराने फोमचे तुकडे बसवतात. आवाज छान थांबतो. मात्र फोम पाणी धरून ठेवतो आणि कालांतराने त्याचा भुगा होऊन काठीच्या तळाशी पाणी जायची वाट बुजते.

दोर आतून जाणाऱ्या काठीसाठी नळी हाच सगळ्यात खात्रीचा उपाय. दोर बाहेरून असतील तर केबल टायने काम भागतं.

वायर आत ओढतात कशी?

हे काम करायची योग्य वेळ म्हणजे काठी उतरवलेली असताना. युरोप-अमेरिकेत अनेक होड्यांच्या काठ्या थंडीत उतरवतात. आपल्याकडे मुंबई-गोव्याच्या किनाऱ्यावर पावसाळ्यात शिडाच्या होड्या पाण्याबाहेर काढून ठेवतात, तेव्हा अशी कामं उरकता येतात.

काठी घोड्यांवर आडवी ठेवली की पहिला नियम: जुनी वायर तशीच ओढून काढायची नाही. आधी तिच्या टोकाला मजबूत बारीक दोरी बांधायची. जुनी वायर एका बाजूने बाहेर आली की दोरी आपोआप आत जाते. जुनी वायर हलतच नसेल तर ती आत कुठेतरी बांधलेली आहे असं समजायचं आणि जोर न लावता ती जागा शोधायची.

जुनी वायर नसेल तर वायर ओढायची लवचिक पोलादी पट्टी एका टोकातून सरकवतात. नळी असेल तर ती सरळ जाते. नसेल तर आधी सगळे दोर एका बाजूला ताणून धरावे लागतात, नाहीतर पट्टी दोन दोरांच्या मधून जाते आणि वायर कायमची त्यांच्यात गुंतते.

सगळ्या वायरींची टोकं एकाच जागी बांधली तर मोठी गाठ होते आणि अडकते. म्हणून टोकं थोडी थोडी मागेपुढे ठेवून टेप गुंडाळतात, म्हणजे पेन्सिलीसारखं निमुळतं टोक होतं. मग एक जण हळू ओढतो आणि दुसरा समोरून वायर सरळ करून आत सोडतो. अडकलं की थांबायचं, थोडं मागे घ्यायचं, पुन्हा ओढायचं. झटका दिला तर आवरण फाटतं आणि ते आत फाटल्याचं कळतही नाही.

काठी उभीच असेल तर काम वरून खाली करतात. बारीक दोरीला सायकलच्या चेनचा तुकडा बांधून शेंड्यावरून आत सोडतात. चेन जड असते आणि वळणं घेत खाली उतरते. खालच्या छिद्रातून तारेच्या आकड्याने ती पकडतात. यासाठी एकाला वर चढावं लागतं. वर जाणाऱ्याला दोन वेगळ्या दोरांनी बांधतात, म्हणजे एक निसटला तरी दुसरा धरून ठेवतो. खाली उभ्या असलेल्यांनी काठीपासून लांब राहायचं, कारण वरून पडलेला साधा पानाही जिवावर बेतू शकतो.

आणि नवी वायर ओढताना तिच्यासोबत एक रिकामी दोरीही आत घालून दोन्ही टोकांना बांधून ठेवायची. पुढच्या वेळी नवी वायर टाकायला हीच दोरी कामाला येते.

शेंड्यावर कोणती काळजी घेतात?

पंधरा मीटर उभ्या वायरीचं वजन कुठेतरी पेललं गेलं पाहिजे. जाड रेडिओ केबलचंच वजन दोन किलोच्या वर जातं. हे सगळं वजन दिव्याच्या स्क्रूवर किंवा अँटेनाच्या जोडावर लटकलं तर जोड काही महिन्यांत निसटतो. म्हणून वायरींची जुडी शेंड्यापाशी काठीलाच क्लॅम्पने किंवा बांधून पक्की करतात आणि जोडाच्या आधी थोडी सैल वायर ठेवतात.

वायर बाहेर काढायला काठीला छिद्र पाडावं लागतं. त्याच्या कडा कानशीने गुळगुळीत करून रबराचं कडं बसवतात, नाहीतर अ‍ॅल्युमिनियमची धार वायर कापते. छिद्रं एकाच उंचीवर रांगेत पाडत नाहीत. काठीला आधार देणाऱ्या तारा किंवा आडव्या भुजा जिथे जोडलेल्या असतात, तिथेही पाडत नाहीत, कारण सगळा ताण तिथेच येतो. स्टीलचे स्क्रू अ‍ॅल्युमिनियममध्ये बसवताना मध्ये विलगक पेस्ट लावतात. ती नसेल तर दोन धातू आणि खारं पाणी मिळून अ‍ॅल्युमिनियम खाऊन टाकतात.

काठीच्या आत मध्येच एकही जोड ठेवायचा नाही, हा सगळ्यांनी पाळायचा नियम. वायर वरपासून खालपर्यंत अखंड असावी. दोन्ही टोकांचे जोड योग्य पक्कडीने क्रिम्प करून त्यावर आतून गोंद असलेली हीट-श्रिंक नळी चढवतात. नुसत्या सोल्डरवर भिस्त ठेवत नाहीत, कारण सोल्डर जिथे संपतं तिथे वायर ताठ होते आणि थरथरीने तिथेच तुटते.

खाली पाणी कसं अडवतात?

काठी दोन प्रकारे उभी असते: डेकवर टेकवलेली किंवा डेकमधून आरपार जाऊन होडीच्या कण्यावर टेकलेली.

डेकवर टेकलेल्या काठीच्या वायरी पायथ्यापाशी बाहेर येऊन डेकमधून केबिनमध्ये उतरतात. इथे पाणी अडवणारं ग्लँड किंवा जलरोधक प्लग बसवतात. प्लग सोयीचा वाटतो, पण सतत पाणी साचतं त्या जागी तोच आधी गंजतो. ग्लँडमधून अखंड वायर आत नेऊन जोड केबिनमध्ये कोरड्या जागी करणं जास्त टिकाऊ.

आरपार जाणाऱ्या काठीत पाऊस आतल्या आत वाहत थेट होडीच्या तळापर्यंत येतो. म्हणून वायरी तळाच्या बऱ्याच वर, केबिनच्या उंचीवर काठीतून बाहेर काढतात.

दोन्ही प्रकारांत वायरीला जोडाआधी खाली झुकलेला एक वळसा देतात. वायरीवरून ओघळणारं पाणी त्या वळशाच्या तळाशी थेंब होऊन पडतं, जोडापर्यंत जात नाही. पावसाळ्याआधी घराबाहेरच्या मीटरची वायर लावताना चांगला वायरमन हेच करतो. इथेच काठी उतरवायला पुरेल एवढी जास्तीची वायर ठेवतात आणि प्रत्येक वायरीला नाव लावतात.

पॅनलवर प्रत्येक दिव्याला योग्य फ्यूज हवा. घासलेली वायर काठीला टेकून शॉर्ट झाली तर आग लागण्याआधी फ्यूज उडतो.

स्वस्त एलईडी आणि मुका रेडिओ

एलईडी दिव्याच्या आत वीज नियंत्रित करणारं एक छोटं सर्किट असतं. ते नीट बनवलेलं नसेल तर रेडिओ लहरींमध्ये गोंगाट करतं. शेंड्यावर दिवा आणि अँटेना एकमेकांपासून हातभर अंतरावर असतात. त्यामुळे दिवा लावला की रेडिओला दूरचं काही ऐकूच येत नाही, असं होऊ शकतं. अमेरिकेच्या तटरक्षक दलाने ऑगस्ट २०१८ मध्ये याबद्दल सावधगिरीची सूचना काढली होती.

तपासणी घरच्या घरी करता येते. रेडिओ शांत चॅनेलवर ठेवून स्क्वेल्च अशा जागी आणायचा की खरखर नुकतीच थांबेल. मग एकेक दिवा लावून बघायचं. दिवा लागताच खरखर परत आली तर दोष त्या दिव्याचा आहे. जुन्या खोक्यात फक्त बल्ब बदलून एलईडी घालतानाही जपावं लागतं, कारण रंगांच्या सीमा आणि प्रकाशाची तीव्रता बदलू शकते.

काठी उभी करण्याआधी काय तपासतात?

काठी जमिनीवर असताना दोष सापडला तर तो दहा मिनिटांत दुरुस्त होतो. म्हणून उभी करण्याआधी पुढच्या चाचण्या करतात.

प्रत्येक दिवा बॅटरीला जोडून लावून बघणे. रंग योग्य बाजूला आहेत ना, हेही पाहणे.
दिवा चालू असताना त्याच्या टोकाशी मल्टिमीटरने व्होल्टेज मोजणे. दिवा बंद ठेवून मोजलं तर घट दिसतच नाही.
प्रत्येक वायर आणि काठीचा धातू यांच्यात मल्टिमीटर लावणे. कुठेही जोड दाखवायला नको. दाखवला तर आत आवरण फाटलं आहे.
रेडिओ आणि अँटेनामध्ये एसडब्ल्यूआर मीटर लावणे. आकडा १.५ च्या आत असेल तर उत्तम, २ च्या वर असेल तर जोड पुन्हा तपासायचे.
काठी उचलून हलवून बघणे. आतून ठक-ठक ऐकू आली तर आत्ताच थांबवता येते.
शेवटी, शेंड्यावरच्या सगळ्या जोडांचे फोटो काढून ठेवणे. वर्षभराने कोणती वायर कुठे गेली हे आठवत नाही.

काठीच पडली तर?

डोलकाठी मोडली की तिच्यावरचे दिवे, अँटेना, वारामापक सगळं एकदम जातं. गोव्यात बांधलेल्या ‘थुरिया’ होडीतून गोल्डन ग्लोब शर्यतीत उतरलेले भारतीय नौदलाचे अधिकारी अभिलाष टॉमी यांच्यावर २१ सप्टेंबर २०१८ रोजी दक्षिण हिंद महासागरात हीच वेळ आली. वादळात होडी उलटली, काठी मोडली आणि त्यांच्या पाठीला गंभीर दुखापत झाली. उपग्रहावरून छोटे संदेश पाठवणाऱ्या यंत्रावरून त्यांनी आपली अवस्था कळवली आणि तीन दिवसांनी ‘ओसिरिस’ या फ्रेंच जहाजाने त्यांची सुटका केली. ते यंत्र डोलकाठीच्या भरवशावर नव्हतं, म्हणून काठी गेल्यावरही चालू राहिलं.

त्यामुळे लांबच्या प्रवासाला निघणाऱ्या होडीत काठीवर अवलंबून नसलेली सोय वेगळी ठेवतात: डेकच्या कठड्याला लावता येईल अशी जादा अँटेना, चार्ज केलेला हातातला रेडिओ आणि बॅटरीवर चालणारे सुटे दिवे. जादा अँटेनाची केबल आणि तिचा जोड रेडिओला बसतो की नाही, हे निघण्याआधी एकदा प्रत्यक्ष लावून बघितलेलं असलं पाहिजे.